परसातील कोंबड्यांचे पूरक खाद्य

परसात, अंगणात किंवा गच्चीवर पाळलेल्या कोंबड्यांना मुख्य खाद्याखेरीज जे दाणे, पाला, खरकटे, सुकट वगैरे घातले जाते, त्याला पूरक खाद्य किंवा नुसते ‘खाऊ’ म्हणतात. ‘पूरक’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. गळ्याखालचे अन्नपुट टम्म भरले की कोंबडी चोच मारायची थांबते. म्हणजे खाऊची मुख्य खाद्यात भर पडत नाही, तो त्याची जागा अडवतो.

अंड्यांसाठीच्या संकरित कोंबडीला दिवसाला सुमारे ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. त्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते. यातले ४० ग्रॅम खाद्य राहून गेले आणि तेवढी तांदळाची कणी पोटात गेली, तर कॅल्शियम एक तृतीयांशाने घटते, कारण कणीत ते जवळपास नसतेच. इकडे एकेका कवचात २ ग्रॅमहून थोडे जास्त कॅल्शियम खर्ची पडते. तूट हाडांतून भरली जाते, मग कवच पातळ होते आणि एखाद्या सकाळी खुराड्यात बिनकवचाचे लिबलिबीत अंडे सापडते. म्हणून कोंडून पाळलेल्या कोंबडीला खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये.

दिवसभर उकिरडा उकरणाऱ्या गावरान कोंबडीचे गणित उलटे असते. वाळवी, गांडुळे, गवताचे बी हेच तिचे मुख्य खाद्य. संध्याकाळी टाकलेली मूठभर ज्वारी तिला खरोखर पूरक ठरते, शिवाय त्या निमित्ताने ती वेळेवर खुराड्यात येते.

कवच मुख्यतः रात्री घडते, म्हणून अंड्यावरची कोंबडी दिवस कलताना चुनखडीसारखे काही शोधू लागते. कोकणात तिसऱ्या आणि कालवांचे शिंपले फुकट मिळतात. ते कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावेत, खाद्यात मिसळू नयेत. पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना एवढ्या कॅल्शियमची गरज नसते, जादा झाले तर मूत्रपिंडे बिघडतात. अंड्यांची टरफलेही वाळवून, ओळखू येणार नाहीत इतकी चुरून घालता येतात. शिंपल्यांचा चुरा पोटात विरघळतो. दाणे दळायला पेषणीत, म्हणजे पोटाच्या स्नायूंच्या जाड पिशवीत, न विरघळणारे खडे लागतात, ते बंदिस्त कोंबडीला जाडसर वाळूच्या रूपाने निराळे द्यावे लागतात.

पाल्यात शेवगा, मेथी, कोबीची वरची पाने चांगली. हिरव्या पाल्यातील झँथोफिल रंगद्रव्यांमुळे बलक गडद होतो, झेंडूच्या पाकळ्यांनीही तोच परिणाम साधतो. गवत मात्र चिरून द्यावे, लांब पात्यांचा अन्नपुटात गुंता होतो. मिरचीची काळजी नको. पक्ष्यांना ती तिखट लागतच नाही.

सर्वांत मोठा धोका बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की दगावल्या. त्याचा शोध घेताना बुरसटलेल्या शेंगदाणा पेंडीतले अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. कोंबडी टर्कीपेक्षा काटक असली, तरी तिचे यकृत या विषाने खराब होते आणि अंडी घटतात. नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने हे विष जात नाही. ‘भाकरीला बुरा आलाय, टाक कोंबड्यांना’ ही घरोघरची सवय म्हणूनच मोडायला हवी.

कच्चा राजमा विषारी असतो, चांगला उकळला की विषारी राहत नाही. हिरवे पडलेले बटाटे, ॲव्होकाडोची साल, कोय व पाने, चॉकलेट आणि चहाचा चोथा घालू नये. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ पिल्लांच्या जिवावर बेतू शकते. पिसे झडण्याच्या काळात बिनमिठाचा सुका जवळा चिमूटभर द्यावा, मासळी फार झाली तर अंड्याला वास येतो. मेलेल्या उंदरातल्या अळ्या कोंबडी आवडीने टिपते आणि त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने येणारा लुळेपणा, होऊन मान लुळी पडते. थर्माकोलही ती तितक्याच आवडीने खाते, तेव्हा तिच्या आवडीनिवडीवर फार विसंबू नये.

ब्रिटनमध्ये, मांसातून पसरणाऱ्या जनावरांच्या रोगांच्या धास्तीने, घरच्या स्वयंपाकघरातून गेलेले काहीही कोंबड्यांना घालायला कायद्याने बंदी आहे. घरात प्राणिजन्य पदार्थ मुळीच येत नसतील तरच सूट मिळते. दूध-तूप वापरणारे शाकाहारी मराठी घर त्या सवलतीत बसत नाही. तिथे कोथिंबिरीच्या काड्या घालायच्या असतील, तर त्या वाफ्यातून थेट खुराड्याकडे न्याव्या लागतात.