पहाटे तीनपर्यंत चाललेला पंप आणि कधीच न येणारा 42

ओळखीच्या एका रोपवाटिकेत मी आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर पाण्याचा टायमर करून दिला होता. दर 12 तासांनी 20 मिनिटं पंप, एवढंच काम. दीड महिना बिनबोभाट चाललं आणि एके रात्री 10 ला सुरू झालेला पंप पहाटे 3 पर्यंत थांबलाच नाही. सकाळी मिरचीच्या रोपांचे ट्रे पाण्यात तरंगत होते. मालक म्हणाले, "काल अमावस्या होती, सर." अमावस्या साडेएकोणतीस दिवसांनी येते, मग मागच्या अमावस्येला पंप का बिघडला नाही? मी वहीतली तारीख पाहिली. बोर्ड सुरू करून 49 दिवस उलटून गेले होते, आणि तो आकडा पाहताच चूक कुठे आहे ते कळलं.

बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग) झाले हे मिलिस() हे फंक्शन सांगतं. त्याचं उत्तर 32 बिटांत, म्हणजे 0 किंवा 1 च्या 32 घरांत, मावावं लागतं. 4,29,49,67,296 मिलिसेकंद, म्हणजे 49 दिवस 17 तास 2 मिनिटं 47 सेकंद झाले की मोजणी पुन्हा शून्यापासून. मी प्रोग्रॅममध्ये 'आत्ताची वेळ अधिक 12 तास' अशी बेरीज करून पुढची वेळ ठरवत होतो. ती बेरीज 32 बिटांत मावेना, एक लहानसा आकडा तेवढा उरला. 'वेळ कधीच टळून गेली' असं समजून पंप पुन्हा पुन्हा सुरू होत राहिला. बेरजेऐवजी वजाबाकी केली, 'आत्ता' उणे 'मागच्या वेळी', की ही अडचण येत नाही. रात्री 11 ते 2 किती तास, हे आपण घड्याळात बिनचूक मोजतोच ना?

पण ही चूक दिसली कशामुळे? बोर्ड सौर बॅटरीवर होता म्हणून. आमच्याकडच्या लोडशेडिंगवर असता तर दर दोन-चार दिवसांनी मोजणी आपोआप शून्यावर गेली असती. काही चुका फक्त वापरणाऱ्याच्या जागेवर, त्याच्याच परिस्थितीत उघड होतात. आर्डुइनोसारख्या मुक्तस्रोत, म्हणजे मूळ प्रोग्रॅम सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पाला वापरणाऱ्यांचे अनुभव हवे असतात ते यासाठी.

आर्डुइनो 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेआ इथे जन्मला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत हेच मिलिस() साधारण 9 तास 32 मिनिटांनी शून्यावर यायचं. टेबलावर तासभर चाचणी घेऊन ते कधीच दिसलं नसतं. 2008 मध्ये ती मर्यादा 50 दिवसांवर गेली. पुढे त्या दुरुस्तीला जे रूप आलं, ते मला फार आवडतं.

उनोवरच्या चिपचं घड्याळ सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोके देतं. टायमर दर 64 ठोक्यांना एक पाऊल टाकतो, म्हणजे 4 मायक्रोसेकंदाला एक. तो 8 बिटांचा, म्हणून 256 पावलांनी भरतो. 256 गुणिले 4, म्हणजे 1024 मायक्रोसेकंद. हवे होते 1000, म्हणजे बरोबर एक मिलिसेकंद! दर फेरीला 24 जास्तीचे. जुन्या पद्धतीत फेऱ्या मोजून, विचारलं की गुणाकार-भागाकार करून मिलिसेकंद काढत. तो गुणाकारच साडेनऊ तासांत 32 बिटांबाहेर जाई. नव्या पद्धतीत गुणाकार नाही. प्रत्येक फेरीला 1 मिलिसेकंद वाढवायचा आणि उरलेले 24 बाजूला साठवायचे. (प्रत्यक्षात 8 ने भागून 3 साठवतात, म्हणजे तो साठा एका बाइटात मावतो.) साठा 125 वर गेला की 1 मिलिसेकंद जादा द्यायचा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी मागे पडतं, ती तूट साठली की आपण अधिक महिना धरतो, अगदी तसंच. 42 व्या फेरीला साठा 126 होतो, म्हणून मोजणी 41 वरून थेट 43 वर उडी मारते. बोर्ड सुरू झाल्यावर मिलिस() 42 हे उत्तर देतच नाही. म्हणून 'मिलिस() बरोबर अमुक इतकं झालं का' असं विचारणारा प्रोग्रॅम कधीतरी फसतो.

हे सगळं मला कळलं ते मूळ प्रोग्रॅम उघडा आहे म्हणून. तो वाचणारे आपल्याकडे हजारो विद्यार्थी आहेत, पण चूक सापडली तरी कळवत नाहीत. बहुतेकांना इंग्रजीची भीती वाटते. मला हे मनापासून खटकतं, कारण चांगल्या तक्रारीत भाषा फार थोडी लागते. बोर्ड कोणता, आवृत्ती कोणती, काय अपेक्षित होतं, काय झालं, आणि चूक दाखवणारा शक्य तितका छोटा प्रोग्रॅम. 'पंप नीट चालत नाही' एवढं लिहिलं तर समोरच्याला काहीच करता येत नाही. दहा ओळींचा प्रोग्रॅम त्याच्या बोर्डावर तीच चूक करू लागला, की अर्धं काम झालंच.

त्यासाठी 49 दिवस थांबायचीही गरज नाही. उनोच्या मूळ प्रोग्रॅममध्ये हा आकडा टायमर0_मिलिस नावाच्या चलात असतो. इंटरप्ट (टायमर भरला की चालू काम मध्येच थांबवणारी सोय) क्षणभर बंद करून त्यात 4,29,49,57,296 भरा. बरोबर 10 सेकंदांनी मोजणी शून्यावर येते आणि रोपवाटिकेतली ती रात्र टेबलावर पुन्हा घडते.