यीस्टने आर्टेमियाची पिल्लं गुबगुबीत होतात का?

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव, माशांच्या पिल्लांचा खाऊ. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास त्याची अंडी घेताना सल्ला मिळतो, 'अंडी फुटली की लगेच चिमूटभर यीस्ट टाका, पिल्लं गुबगुबीत होतात.' मुंबईतल्या मासे पाळणाऱ्यांमध्ये हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

नुकत्याच बाहेर पडलेल्या केशरी पिल्लाचं आतडं दोन्ही टोकांना बंद असतं. ते अंगातल्या बलकावर जगतं. साधारण ८ ते १२ तासांनी कात टाकल्यावरच ते खायला लागतं. त्याआधी टाकलेलं यीस्ट फक्त पाणी नासवतं.

पुढेही अडचण आहेच. भिंगाखाली पारदर्शक अंगात भरलेल्या आतड्याची रेघ दिसते आणि आपण खूश होतो. पण पोट भरणं वेगळं, पचणं वेगळं. बेकरीच्या यीस्टपेशीचं कवच जाड असतं, आणि त्याचा बाहेरचा मॅनोप्रोटीनचा (साखर जोडलेल्या प्रथिनांचा) थर या पिल्लांना सहजी पचत नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या प्रयोगांत हा थर कमी असलेलं यीस्ट दिल्यावर पिल्लं कितीतरी चांगली जगली, वाढली. शिवाय ईपीए, डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं बेकरीच्या यीस्टमध्ये नसतात.

गप्पी-फायटर माशांच्या पिल्लांना आर्टेमिया खाऊ घालायचा असेल, तर बलक शिल्लक असतानाच, ताजा द्या. वाढवायचाच असेल तर सूक्ष्म शैवाल किंवा स्पिरुलिनाची बारीक पूड वापरा, पाणी किंचित धूसर होईल एवढीच.