एनएफएसचा राइट कोड पुन्हा पुन्हा का मांडला जातो

एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम: फाइली एका यंत्रावर (सर्व्हर) ठेवायच्या आणि दुसऱ्या यंत्रांवरून (क्लायंट) नेटवर्कवरून वापरायच्या. लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, एनएफएसच्या डिरेक्टरीत राइट.सी नावाची फाइल आहे, लिहिण्याचं काम तिच्यात चालतं. माथ्यावर ओलाफ किर्श यांचं नाव आणि १९९६, १९९७ ही सालं. तेव्हापासून तिच्यावर बरेच हात फिरले, अजूनही फिरताहेत. नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एखादा मुलगा कर्नल वाचायला घेतो, ही फाइल उघडतो आणि हमखास विचारतो, की डेटा नेटवर्कवरून पलीकडे ढकलायचा एवढंच काम, मग एवढा पसारा कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी चाळीस वर्षं मागं जावं लागतं.

सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस १९८४ मध्ये घडवलं आणि दुसरी आवृत्ती १९८५ मध्ये बाहेर आली. रचनेचा कणा असा, की सर्व्हरने क्लायंटबद्दल काहीच लक्षात ठेवायचं नाही. सर्व्हर बंद पडून परत उठला तरी क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवेल आणि काम पुढं चालेल. पण याची किंमत लिहिण्यात मोजावी लागली. डेटा डिस्कवर पक्का बसल्याशिवाय सर्व्हरने 'झालं' म्हणायचं नाही आणि एका विनंतीत जास्तीत जास्त ८ केबी. म्हणजे मोठी फाइल लिहायची तर दर ८ केबीला डिस्कची वाट बघा.

यातून पळवाटा निघाल्या. कुणी सर्व्हरमध्ये बॅटरीवर चालणारं मेमरी कार्ड बसवलं, कुणी लागोपाठच्या विनंत्या थोड्या थांबवून एकत्र लिहिल्या. सगळ्यात स्वस्त पळवाट म्हणजे एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे सर्व्हर कोणते फोल्डर वाटतो त्या यादीत, 'असिंक' लिहिणं. डेटा मेमरीत आला की सर्व्हर बिनधास्त 'झालं' सांगतो. लिनक्सच्या एनएफएस-युटिल्स या साधनसंचात १.०.० आवृत्तीपर्यंत हेच डीफॉल्ट होतं, पुढं 'सिंक' झालं. मराठवाड्यात भारनियमन सोसलेल्या माणसाला यातला धोका वेगळा समजावायला नको. लॅबच्या सर्व्हरची वीज गेली, यूपीएसची बॅटरी उतरलेली, की क्लायंटला पोचल्याचं सांगितलेला डेटा हवेत. तक्रार करायलाही जागा नाही, कारण क्लायंटने आपली प्रत केव्हाच टाकून दिलेली असते.

जून १९९५ मध्ये एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीचं नियमपत्र, आरएफसी १८१३, आलं, आणि माझ्या मते राइट कोडच्या सगळ्या गुंत्याचं मूळ तिथं आहे. लातूरच्या मोंढ्यात माल उतरला की आधी कच्ची पावती मिळते, पक्की पट्टी नंतर. तिसऱ्या आवृत्तीने तेच केलं. सर्व्हर 'अनस्टेबल' लेखन पटकन स्वीकारतो. क्लायंट पुढं 'कमिट' पाठवतो, तेव्हा डेटा डिस्कवर पक्का होतो. तोवर क्लायंटने आपली प्रत सोडायची नाही. प्रत्येक उत्तरासोबत सर्व्हर ८ बाइटचा एक व्हेरिफायर, म्हणजे ओळखीचा आकडा, देतो. सर्व्हर मध्येच रीबूट झाला तर तो बदलतो. कमिटच्या वेळी आकडा जुळला नाही, की क्लायंटने समजायचं, मधलं लिहिलेलं गेलं, सगळं पुन्हा पाठवा.

वेग मिळाला, पण हिशेब क्लायंटच्या गळ्यात पडला. मेमरीतलं कोणतं पान (ठरावीक आकाराचा तुकडा) मळलेलं, म्हणजे बदललेलं पण न पाठवलेलं, कोणतं वाटेत, कोणतं पोचलं पण कमिट न झालेलं, हे सगळं कर्नलने लक्षात ठेवायचं. त्यासाठी एनएफएस_पेज हे स्ट्रक्चर, म्हणजे एकेका विनंतीची नोंद ठेवणारा साचा, आलं. त्यात आणखी एक बारकावा. एकाच ४ केबीच्या पानावर दोन वेगळ्या वापरकर्त्यांनी लिहिलं तर दोन्ही एका विनंतीत घालता येत नाही, कारण सर्व्हर परवानगी विनंतीगणिक तपासतो. मग पहिल्याचं आधी पाठवून मोकळं व्हायचं, तेव्हा दुसऱ्याला जागा. हे काम करणाऱ्या फंक्शनच्या नावातच 'फ्लश इनकम्पॅटिबल' आहे.

२००२ मध्ये चक लीव्हर आणि मिशिगन विद्यापीठातले पीटर हनीमन यांनी हा कोड मोजून पाहिला. प्रत्येक फाइलच्या विनंत्या एका सरळ यादीत होत्या. यादी लांबली की शोधातच वेळ जाई. १९२ विनंत्या साचल्या की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबून त्या उपसाव्या लागत. आणि गंमत बघा, सर्व्हर जितका चपळ, तितकं क्लायंटचं मेमरीत लिहिणं मंद! विनंती पाठवताना बिग कर्नल लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं अख्ख्या कर्नलचं एकच कुलूप, धरून ठेवलेलं असे, आणि झटपट उत्तर देणारा सर्व्हर क्लायंटला ते लॉक जास्त वेळा धरायला लावी. यादीच्या जागी हॅश आला, पुढं रॅडिक्स ट्री; दोन्ही झटपट शोधता येणाऱ्या मांडण्या. ते लॉक कर्नलमधून कायमचं जायला मात्र २०११ उजाडलं.

त्यानंतर ट्रॉन्ड मिक्लेबस्ट यांच्या देखरेखीखाली अनेक फेरमांडण्या झाल्या. मोठी २०१४ ची, कर्नलच्या ३.१६ आवृत्तीतली. तोवर वाचण्याचा आणि लिहिण्याचा कोड जवळजवळ एकसारखा असूनही दोन वेगळ्या वाटांनी जाई. ॲना शूमेकर यांनी तो एका वाटेवर आणला. त्याच सुमारास पीएनएफएसमुळे, म्हणजे डेटा एकाच वेळी अनेक सर्व्हरवर ठेवणाऱ्या समांतर एनएफएसमुळे, एका पानाचे तुकडे वेगवेगळ्या डेटा सर्व्हरवर जाऊ शकतील अशी सोय लागली, म्हणून वेस्टन अँड्रोस ॲडमसन यांनी एका पानाखाली अनेक विनंत्यांचे गट बांधले. सोय झाली, पण हे गट लॉक करणं, जोडणं आणि मधूनच तोडणं हे नवं जंजाळ झालं. पुढच्या दशकातली बरीच साफसफाई त्याभोवतीच फिरते.

चुका कळवण्याची कथा वेगळी. राइट कॉल 'ठीक' म्हणून परततो, आणि कोटा (वापरकर्त्याला दिलेली जागा) भरल्याची बातमी फाइल बंद करताना (क्लोज) किंवा डेटा पक्का करायला सांगताना (एफसिंक) कळते. क्लोजचं उत्तर कोण तपासतं? लॅबमधल्या मुलांच्या प्रोग्राममध्ये तरी ते क्वचित दिसतं. कर्नलमध्ये अशी चूक मधल्यामधे गिळली जाऊ नये म्हणून जेफ लेटन यांनी २०१७ मध्ये ४.१३ आवृत्तीत नवी यंत्रणा आणली.

२०२४ च्या कर्नल ६.११ मध्ये क्रिस्टोफ हेलविग यांनी एनएफएसमध्ये मोठ्या फोलिओंचा आधार आणला. म्हणजे ४ केबीच्या सुट्या पानांऐवजी अनेक पानांचा एक गठ्ठा. त्यासोबत विनंती शोधून लॉक करण्याची फंक्शनं एकात एक मिसळली, जुन्या स्वॅपचा (मेमरीतला डेटा तात्पुरता बाहेर ठेवण्याच्या सोयीचा) मृत कोड काढला. एका पानाखालचे विनंत्यांचे गट मात्र राहिलेच, पीएनएफएस आहे तोवर ते काढता येत नाहीत. कमिटचा हिशेब तर १९९५ पासून तसाच आहे, फक्त त्याच्या भोवतीच्या ओळी बदलल्या.