आयएसडीएन राउटरचे कॉन्फिगरेशन

टेलिफोन एक्स्चेंजच्या डिजिटल लाइनवरून गरजेपुरता डेटा कॉल लावून दोन नेटवर्क जोडता यावीत, यासाठी राउटरमध्ये करावयाची सेटिंग. या डिजिटल टेलिफोन सेवेलाच आयएसडीएन म्हणतात. तिच्या शिफारशी सीसीआयटीटी या दूरसंचार मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने (आताची आयटीयू-टी) १९८४ मध्ये प्रसिद्ध केल्या आणि १९८८ मध्ये त्या वाढवल्या. बहुतेक ठिकाणी या लाइनचे बिल कॉलच्या वेळेवर येई. त्यामुळे कॉल लागणे हे निम्मेच काम. तो वेळेवर तुटणे हे उरलेले निम्मे, आणि खरी कसोटी तिथेच लागते. खालील उदाहरणे सिस्को राउटरची आहेत.

बेसिक रेट म्हणजे बीआरआय लाइनवर ६४ केबीपीएसचे दोन 'बी' चॅनल आणि कॉलचे सिग्नलिंग वाहणारा १६ केबीपीएसचा एक 'डी' चॅनल असतो. राउटरला 'यू' पोर्ट असेल तर एनटी-१ (कंपनीची लाइन राउटरच्या पोर्टला जुळवणारे खोके) आतच असते. 'एस/टी' पोर्ट असेल तर ते खोके बाहेर लावावे लागते. युरोपात ते टेलिफोन कंपनी बसवून देई, उत्तर अमेरिकेत ग्राहकाने आणायचे असे. एस/टी पोर्टचा साचा इथरनेटसारखाच आठ पिनांचा असल्याने चुकीची केबलही त्यात बिनदिक्कत बसते.

पहिली सेटिंग एक्स्चेंजच्या प्रकाराची, म्हणजे स्विच-टाइपची. युरोपात 'बेसिक-नेट३', तर उत्तर अमेरिकेत '५ईएसएस', 'डीएमएस-१००' किंवा 'एनआय' निवडतात. शेवटच्या दोन प्रकारांत सहसा प्रत्येक बी चॅनलसाठी एसपीआयडी (त्या लाइनवरील सेवेचा ओळख क्रमांक) हाही भरावा लागतो. तो टेलिफोन कंपनीकडूनच मिळतो, अंदाजाने भरण्यात अर्थ नाही. मग 'शो आयएसडीएन स्टेटस' ही कमांड द्यावी. लेयर १ (तारेची जोडणी) 'ॲक्टिव्ह' आणि लेयर २ (तिच्यावरचा सिग्नलिंगचा दुवा) 'मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड' दिसले की राउटर आणि एक्स्चेंज यांचे जुळले. एक्स्चेंजने दिलेला टीईआय (राउटरचा लाइनवरचा ओळख क्रमांक) सहसा ६४ ते १२६ यांमधला असतो. मात्र युरोपातील काही एक्स्चेंज कॉल नसताना लेयर १ स्वतःहून झोपवतात. अशा वेळी 'डीॲक्टिव्हेटेड' पाहून केबल बदलत बसू नये, आधी कॉल लावून पाहावा.

बी चॅनलवर सहसा पीपीपी एन्कॅप्स्युलेशन (दोन टोकांमध्ये डेटा बांधून पाठवण्याची पद्धत) आणि सीएचएपी पडताळणी (पासवर्डवरून पलीकडचा राउटर ओळखणे) ठेवतात. 'युजरनेम'मध्ये आपल्या नव्हे, पलीकडच्या राउटरचे होस्टनेम लिहायचे असते, आणि पासवर्ड दोन्हीकडे अक्षरन्अक्षर सारखा लागतो; लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही.

कोणत्या पत्त्यासाठी कोणता नंबर फिरवायचा हे 'डायलर मॅप' ठरवतो, तर कोणत्या पॅकेटसाठी फिरवायचा हे 'डायलर-लिस्ट'. ही लिस्ट 'डायलर-ग्रुप'च्या त्याच क्रमांकाने इंटरफेसला जोडतात. लिस्टमध्ये मंजूर असलेल्या पॅकेटांना 'इंटरेस्टिंग ट्रॅफिक' म्हणतात. कॉल तीच लावतात आणि 'आयडल-टाइमआउट'चे घड्याळही तीच पुन्हा शून्यावर आणतात. हे टाइमआउट मुळात १२० सेकंदांचे असते. आता 'डायलर-लिस्ट १ प्रोटोकॉल आयपी परमिट' एवढी एकच ओळ लिहिली, डायलर मॅपमध्ये 'ब्रॉडकास्ट' (सर्वांसाठीची पॅकेटही पलीकडे जाऊ देणे) ठेवले आणि राउटरवर आरआयपी (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) चालू असेल, तर काय होते पाहा: आरआयपी दर ३० सेकंदांनी अपडेट पाठवते, घड्याळ १२० पर्यंत कधी पोहोचतच नाही आणि लाइन रात्रंदिवस चालू राहते. कुठे काहीच बिघडलेले नसते, म्हणून हे बिल येईपर्यंत लक्षात येत नाही. उपाय म्हणजे ॲक्सेस-लिस्टने (पॅकेट निवडण्याच्या नियमांनी) आरआयपीचा यूडीपी पोर्ट ५२० 'इंटरेस्टिंग'मधून वगळणे, किंवा त्याहून बरे, डायनॅमिक राउटिंग बंद करून स्टॅटिक रूट (हाताने भरलेला मार्ग) देणे. ओएसपीएफ हा दुसरा राउटिंग प्रोटोकॉल हवाच असेल तर त्याचे नेहमीचे अपडेट थांबवणारी 'डिमांड सर्किट'ची सोय आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: डायलर-लिस्टमधला 'डिनाय' पॅकेट अडवत नाही. लाइन आधीच चालू असेल तर तेही पलीकडे जाते, फक्त घड्याळाला हात लावत नाही.

'पीपीपी मल्टिलिंक'ने दोन्ही बी चॅनल एकत्र करून १२८ केबीपीएस मिळतात. दुसरा चॅनल कधी उघडायचा हे 'लोड-थ्रेशोल्ड' ठरवते. त्याचे मोजमाप १ ते २५५ असल्याने १२८ म्हणजे साधारण निम्मा भार. दुसरा चॅनल हा दुसरा कॉल असतो, त्याचा आकारही वेगळा पडतो. लीज्ड लाइनला (कायम चालू असलेल्या भाड्याच्या लाइनला) पर्याय म्हणून बीआरआय ठेवताना जास्त ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचा, म्हणजे कमी पसंतीचा, 'फ्लोटिंग' स्टॅटिक रूट देतात; मुख्य लाइन पडली तरच तो वापरात येतो. बीआरआयहून मोठ्या प्रायमरी रेट लाइनवर ई१ (युरोपीय प्रकार) असेल तर ३० आणि टी१ (उत्तर अमेरिकी प्रकार) असेल तर २३ बी चॅनल मिळतात. तिथे कंट्रोलरवर फ्रेमिंग (बिट्सची चौकट) आणि लाइनकोड (तारेवर बिट्स पाठवण्याची पद्धत) आधी जुळवावे लागतात.

कॉल लागत नसेल तर 'डीबग आयएसडीएन क्यू९३१'मधील कॉज कोड (कॉल का तुटला हे सांगणारा आकडा) पाहतात: १ म्हणजे नंबर अस्तित्वात नाही, १७ म्हणजे पलीकडची लाइन व्यग्र, १६ म्हणजे कॉल रीतसर संपला. कॉल लागून दोन-तीन सेकंदांत १६ कोडनेच तुटत असेल, तर 'रीतसर' या शब्दावर जाऊ नये. पासवर्ड न जुळल्याने राउटरनेच तो तोडलेला असू शकतो, आणि ते 'डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन'मध्येच दिसते.