भीड मोजता येते

जामीनदाराची सही मागायला येणारा माणूस सहसा घरीच येतो. बाबांकडे तो रविवारी सकाळी आला. शाळेतला सहकारी, सोबत बायको, हातात पगारदार पतसंस्थेचा अर्ज. चहा झाला, मुलांच्या परीक्षांच्या गप्पा झाल्या आणि मग अर्ज टीपॉयवर आला. "सर, फक्त एक सही." बाबांनी खिशातलं पेन काढलं. तीन वर्षांनी त्यांच्या पगारातून दुसऱ्याच्या कर्जाची कपात सुरू झाली.

करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, असं भारतीय करार कायद्याचं (1872) कलम 128 सांगतं. बाबांना हे ठाऊक होतं. गणिताचे शिक्षक, व्यवहारात चोख. त्या सकाळी नाही म्हणायची कारणंही त्यांच्याकडे होती. "समोर बसला होता गं, शब्द मोडवेना," एवढंच ते आईला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आपल्याकडे याला भीड म्हणतात, आणि 'भीड भिकेची बहीण' ही म्हण बहुधा अशाच सह्यांमधून आली असावी.

बाबांना आम्ही बरीच वर्षं 'मऊ स्वभावाचे' म्हणत आलो. आज वाटतं, ते अन्यायाचं होतं. गेल्या दीड-दोन दशकांत मानसशास्त्रज्ञांनी ही भीड प्रयोगांतून चक्क मोजली आहे, आणि ती मऊ-कडक सगळ्यांवर चालते.

कॉर्नेल विद्यापीठातल्या व्हेनेसा बोन्स यांनी यावर बरंच काम केलं आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी अनोळखी लोकांना गाठून विनंती करायची होती: हे ग्रंथालयाचं पुस्तक घ्या आणि त्याच्या पानावर पेनाने एक शब्द लिहा. म्हणजे सरळसरळ पुस्तक खराब करा. किती जण तयार होतील? विद्यार्थ्यांचा अंदाज होता साधारण 28 टक्के. प्रत्यक्षात 64 टक्क्यांहून जास्त लोकांनी लिहिलं. चूक आहे हे अनेकांनी बोलूनही दाखवलं, पण पेन हातात घेतलं. नाही म्हणणं समोरच्याला किती जड जातं, हे मागणाऱ्याला कळतच नाही. बाबांकडे आलेल्या त्या गृहस्थांनाही, मला वाटतं, आपण काही लादतोय असं वाटलं नसावं. त्यांच्या लेखी ती खरोखरच 'फक्त एक सही' होती.

मग 'तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे' असं आधीच बजावलं तर? बोन्स आणि रोझॅना सॉमर्स यांनी 2019 साली हेही तपासलं. प्रयोगशाळेत आलेल्यांना सांगितलं, तुमचा फोन अनलॉक करून द्या, आम्ही बाहेर नेऊन तपासतो. दहांतल्या नऊहून अधिक लोकांनी फोन देऊन टाकला. हक्काची जाणीव करून दिल्यावरही आकड्यात फारसा फरक पडला नाही. कलम 128 माहीत असून बाबांचं पेन का थांबलं नाही, याचं उत्तर मला इथे सापडलं.

सुनीता साह या संशोधिकेने या अडचणीची नस पकडली आहे. नकार दिला की समोरच्याला वाटेल, याचा आपल्यावर विश्वास नाही. ही जी धास्ती असते, तिच्यापोटी माणूस स्वतःला न पटलेला सल्लाही मानतो. जामिनाच्या बाबतीत तर विनंतीच विश्वासाची असते. तिथे 'नाही' म्हणजे 'तू पैसे बुडवशील' असं तोंडावर सांगणं. एवढा वाईटपणा कोण घेणार?

हे सगळं 'तोंडावर' असतं, ही गोष्ट फार महत्त्वाची. महदी रोघानीझाद आणि बोन्स यांच्या 2017 मधल्या अभ्यासात एकच विनंती काहींनी प्रत्यक्ष भेटून केली, काहींनी ईमेलने. भेटून केलेली विनंती 34 पट अधिक यशस्वी ठरली. शब्द तेच होते. माणूस उठून गेला, घरात कोणी नसलं, की भीड बरीचशी ओसरते. म्हणून 'उद्या सांगतो' हे उत्तर पळपुटेपणाचं नाही. मात्र उद्या खरंच सांगायला हवं. आपलं 'बघतो', 'करू काहीतरी' समोरचा होकार म्हणूनच घरी घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी नकार दुप्पट अवघड होतो.

भीड सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, हेही सांगायला हवं. लिंडा बॅबकॉक, लिसे व्हेस्टरलुंड आणि सहकाऱ्यांनी 2017 साली कामाच्या ठिकाणच्या अशा कामांवर अभ्यास केला, जी कुणीतरी करावी लागतात पण ज्यांनी बढती मिळत नाही. त्यांच्या प्रयोगांत स्त्रियांना अशी विनंती पुरुषांपेक्षा 44 टक्के जास्त वेळा झाली. त्यांनी 76 टक्के वेळा होकार दिला, पुरुषांनी 51 टक्के. मला जास्त बोलका वाटतो तो पुढचा भाग. गटात फक्त पुरुष असले, तर तेही स्त्रियांइतकेच पुढे येऊन काम अंगावर घेतात. म्हणजे हा 'बायकांचा स्वभाव' नव्हे. ही करेलच, अशी सगळ्यांनी धरलेली अपेक्षा आहे. निरोप समारंभाची वर्गणी गोळा करायचं काम कार्यालयात कोणाकडे जातं, ते आठवून पाहा.

नकाराने नातं तुटेल ही भीती मात्र आपण फुगवून घेतो. ज्युलियन गिवी आणि कॉलीन कर्क यांनी 2023 मध्ये आमंत्रण नाकारण्यावर प्रयोग केले. नाकारणाऱ्याला वाटत होतं त्यापेक्षा बोलावणाऱ्याला कितीतरी कमी राग आला होता. आमंत्रण आणि जामीन यांत अंतर आहे, हे मान्य. पण बाबांनी पुढे दोघांना नकार दिला, तेव्हा त्यातला एक महिनाभर अबोल राहिला आणि मग मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला.

नकाराची भाषा त्यांनी तोवर बदलली होती. आधी ते म्हणत, "या वेळी जमणार नाही." त्यावर "का जमणार नाही, सर?" हा प्रश्न ठरलेला, आणि प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोड तयार. आता ते म्हणत, "मी कोणालाच जामीन राहत नाही." व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हागट्वेट यांच्या 2012 च्या प्रयोगात 'मला खाता येत नाही' असं मनाशी म्हणणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांनी चॉकलेट सोडून पौष्टिक खाऊ निवडला, तर 'मी खात नाही' म्हणणाऱ्यांपैकी 64 टक्क्यांनी. तो प्रयोग स्वतःच्या मोहाचा होता, पाहुण्याचा नव्हे. तरी नियमापुढे वाद लवकर संपतो, हे बाबांच्या बैठकीत मी पाहिलं आहे.

बोन्स यांच्या गटाचं 2024 सालचं काम मागणाऱ्यांसाठी आहे. नकाराचा हक्क सांगण्याऐवजी नकाराचे शब्दच हाती दिले, 'नाही म्हणायचं असेल तर एवढं म्हणा', तर लोकांना आपण जास्त मोकळे आहोत असं वाटलं. बाबांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. पण माझ्या शिक्षणासाठी कर्ज घ्यायची वेळ आली आणि दोन जामीनदार हवे होते, तेव्हा ते कोणाच्या घरी गेले नाहीत. चौघांना मेसेज केला: "जामीन हवा आहे. अर्जाचा फोटो पाठवतो. नको असेल तर फक्त 'नको' लिही, मी कारण विचारणार नाही." दोघांचं 'नको' त्याच रात्री आलं. उरलेले दोघे पुढच्या आठवड्यात अर्ज वाचून, प्रश्न विचारून, सही करून गेले.