लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचे गियर ऑइल : सिंथेटिक की मिनरल (नागपूर परिसर)

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर एक्सलच्या दोन चाकांत वाटणारा आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गियरांचा संच. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी) म्हणजे एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्या चाकापर्यंत जोर पोचवणारा डिफरन्शियल. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो. त्यामुळे काटोल-कळमेश्वरकडच्या काळ्या मातीच्या पांदणीत एक चाक चिखलात नुसते फिरू लागले की कोरड्यातल्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच जोर मिळत नाही आणि गाडी फसते. एलएसडीमध्ये दोन चाकांच्या गतीतला फरक आतल्या घर्षणाने आवरला जातो. हे घर्षण ऑइलमध्ये बुडालेल्या भागांतच घडते, म्हणून इथे ऑइलची निवड नेहमीच्या एक्सलपेक्षा जपून करावी लागते.

निवडीआधी आत काय आहे ते कळले पाहिजे. क्लच प्लेट्सच्या एलएसडीत स्प्रिंगने दाबलेल्या प्लेट्सचे दोन गठ्ठे असतात. टॉर्सेनसारख्या प्रकारात प्लेट्स नसतात, तिरक्या दात्यांचे गियरच एकमेकांवर व डिफरन्शियलच्या कवचावर रेटून पकड देतात. काही थार मॉडेलांत मागच्या एक्सलला मेकॅनिकल लॉकर (दोन्ही चाके एकत्र जखडणारी यंत्रणा) येतो. तो एलएसडी नव्हे, त्याचे ऑइल मॅन्युअलप्रमाणेच घ्यावे. आणि ज्या गाड्या फक्त ब्रेक लावून घसरणारे चाक रोखतात, त्यांचा डिफरन्शियल साधाच असतो. त्यांना वेगळे ऑइल लागत नाही.

क्लच प्लेट्सच्या प्रकारात खरा प्रश्न सिंथेटिक की मिनरल हा नसून फ्रिक्शन मॉडिफायरचा, म्हणजे घर्षण बदलणाऱ्या मिश्रणद्रव्याचा आहे. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त फिरते, म्हणून प्लेट्स एकमेकांवर थोड्या सरकाव्याच लागतात. नुसत्या जीएल-५ (गियर ऑइलचा एक दर्जा) ऑइलमध्ये थांबलेल्या प्लेट्सचे घर्षण सरकत्या प्लेट्सपेक्षा जास्त असते. परिणामी प्लेट्स चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना मागून येणारी ‘गुर्रर्र-खडखड’ ती हीच. मॉडिफायर थांबलेल्या अवस्थेतले घर्षण खाली आणतो आणि प्लेट्स सलग सरकतात. तो जास्त झाला तर प्लेट्स पकडतच नाहीत आणि पैसे मोजून घेतलेली एलएसडी साध्या डिफरन्शियलसारखी वागू लागते. डब्यावर ‘एलएसडी’ किंवा ‘लिमिटेड स्लिप’ छापले असेल तर मॉडिफायर आधीच मिसळलेला असतो. वरून आणखी ओतू नये. वेगळा घालायचा असल्यास एका एक्सलला साधारण १०० ते १२० मिलि पुरतो, तोही आधी निम्मा घालून, आवाज राहिला तरच उरलेला. टॉर्सेन प्रकाराला मॉडिफायर लागत नाही.

आता बेस ऑइल, म्हणजे ज्यात बाकीची द्रव्ये मिसळतात ते मूळ तेल. मिनरल ऑइल कच्च्या तेलातून शुद्ध केलेले असते. सिंथेटिक ऑइल पीएओ, एस्टर यांसारख्या कृत्रिम द्रवांपासून किंवा खूप प्रक्रिया केलेल्या तेलापासून बनते. ८०डब्ल्यू-९० आणि ७५डब्ल्यू-९० या आकड्यांतला ‘डब्ल्यू’चा भाग थंडीतल्या वाहण्याचा, तर शेवटचा आकडा गरम ऑइलच्या दाटपणाचा आहे : ७५डब्ल्यूची कसोटी उणे ४० अंश सेल्सिअसला, ८०डब्ल्यूची उणे २६ला, ८५डब्ल्यूची उणे १२ला. नागपूरच्या कडक हिवाळ्यातही पारा शून्यापर्यंत जात नाही. त्यामुळे फक्त ‘७५’ आकड्यासाठी जास्त पैसे देण्यात इथे अर्थ नाही. सिंथेटिकचा उपयोग इथे उलट्या टोकाला आहे. मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असते, डांबर त्याहून तापलेले, आणि समृद्धी महामार्गावर तासन् तास एकाच वेगाने धावताना किंवा बुटीबोरी-हिंगण्याच्या औद्योगिक भागात ट्रेलर ओढताना हौसिंगला (डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचाला) थंड व्हायला उसंतच मिळत नाही. तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑइलच्या ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. मिनरल ऑइल अशा उष्णतेत लवकर काळे पडते, वार्निशसारखा थर धरते. चांगले सिंथेटिक जास्त काळ टिकते.

म्हणून शेतावर, गावात, कमी अंतरावर फिरणाऱ्या गाडीला योग्य मॉडिफायर असलेले मिनरल ८०डब्ल्यू-९० वेळेवर बदलत राहणे पुरेसे आहे. सतत हायवे आणि ओझे असेल तर सिंथेटिक घ्यावे. सिंथेटिक टाकून वर्षानुवर्षे विसरणे हा सर्वांत वाईट पर्याय. कारण प्लेट्सची झीज आणि मॉडिफायरचे संपणे बेस ऑइल चांगले असले तरी थांबत नाही.

उन्हाळ्यात ‘१४० नंबर टाका’ हा गॅरेजमधला सल्ला एलएसडीला लागू करू नये. १०० अंशांना ९० नंबर १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक, तर १४० नंबर २४ ते ३२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचे माप) असते; मॅन्युअल ९० सांगत असताना इतके दाट ऑइल घुसळण्यातच उष्णता वाढवते. जीएल-४ हा हलका दर्जाही चालणार नाही. हायपॉइड क्राऊन-पिनियनला (डिफरन्शियल फिरवणारी, दाते एकमेकांवर घासत चालणारी गियरजोडी) जीएल-५मधले गंधक-फॉस्फरसचे जास्त प्रमाण लागते. उलट हेच जीएल-५ पितळी सिंक्रो रिंग (गियर बदलताना वेग जुळवणारी कडी) असलेल्या गियरबॉक्समध्ये ओतू नये.

बदलताना आधी ८-१० किलोमीटर गाडी चालवून ऑइल गरम करावे. वरचा फिलर प्लग (ऑइल भरण्याच्या भोकाचे बूच) आधी सोडावा. तो गंजून अडकला आणि खालचा उघडला गेला असेल तर गाडी ऑइलविना उभी राहते. प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी पेस्ट दिसणे नेहमीचे, पण बोटाला टोचणारा कण किंवा दात्याचा तुकडा असेल तर हौसिंग उघडावेच लागेल. गाडी सपाट ठेवून फिलर भोकाच्या खालच्या काठापर्यंत ऑइल भरावे. बहुतेक जीप-एसयूव्हींना दीड ते तीन लिटर लागते. जास्त भरले तर ते सीलमधून ब्रेकवर येते. मग मोकळ्या मैदानात हळू वेगाने दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा इंग्रजी आठचा आकडा काढावा, म्हणजे नवे ऑइल प्लेट्सच्या मधे पोचते. हे न करताच आवाजावरून मॉडिफायर वाढवणे ही नेहमीची चूक आहे. नव्या एलएसडीचे पहिले ऑइल मात्र ८०० ते १,००० किलोमीटरला काढावे.

पावसाळ्यात नाला ओलांडल्यावर ऑइल ताकासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी गेले आहे. बहुधा ब्रीदर (हौसिंगमधली हवा आत-बाहेर सोडणारे तोंड) चिखलाने बुजलेला असतो किंवा त्याची नळी निसटलेली असते. गरम हौसिंग पाण्यात एकदम थंड झाले की आत पोकळी तयार होऊन सीलच्या ओठातून पाणी ओढले जाते. असे ऑइल त्याच दिवशी काढावे.

एलएसडीच्या गाडीचे एकच मागचे चाक जॅकवर उचलून इंजिनाच्या जोराने फिरवू नये; जमिनीवरचे चाक जोर घेते आणि गाडी जॅकवरून उडी मारते. तपासायचेच असेल तर पुढच्या चाकांना ओंडके लावून, दोन्ही मागची चाके स्टँडवर घेऊन, हँडब्रेक सोडून आणि गियर न्यूट्रलला ठेवून हाताने फिरवावे. प्लेट्सचा प्रकार शाबूत असेल तर दुसरे चाक त्याच दिशेने फिरते. उलट फिरले तर प्लेट्स संपल्या आहेत, ऑइल बदलून ते सुधारणार नाही.