पिवळा पाना आणि लाल किटली: लांबच्या प्रवासात थांबायचं कशासाठी?

समृद्धी महामार्गाने नागपूर ते मुंबई म्हणजे ७०१ किलोमीटर. एवढ्या अंतरात मीटरवर पान्याचं चिन्ह किंवा ‘सर्व्हिस ड्यू’ अशी ओळ उमटणं सहज शक्य आहे. ती दिसताच काही जण धास्तावून गाडी कडेला घेतात. तर तेलाच्या किटलीचं लाल चिन्ह पेटल्यावर ‘ऑइल बदलायला झालं असेल, घरी पोचल्यावर बघू’ म्हणत काही जण तशीच गाडी हाकतात. पहिल्या घाईत थोडा वेळ जातो, दुसऱ्या गैरसमजात इंजिन जातं.

पाना हा निव्वळ हिशेब आहे. मागच्या सर्व्हिसला काउंटर रिसेट होतो आणि तिथून मोजणी सुरू होते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यातलं जे आधी भरेल ते लागू असतं. काही गाड्यांत हे अंतर १५,००० असतं. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइल किती उरलंय, हे पान्याला कळत नाही. काही गाड्या इंजिनचे फेरे, तापमान आणि थंड इंजिन किती वेळा सुरू केलं यावरून ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत दाखवतात, तोही अंदाजच. सर्व्हिस नुकतीच झालेली असताना पाना दिसला, तर गॅरेजवाला रिसेट करायला विसरला असण्याची शक्यता जास्त. शेवटच्या बिलावरचं किलोमीटर रीडिंग पाहिलं की उलगडा होतो.

लाल किटली मात्र त्या क्षणाचा ऑइलचा दाब सांगते. चेंबरमधून पंप ऑइल ओढतो आणि फिल्टरमधून क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट या इंजिनमधल्या फिरत्या दांड्यांच्या बेअरिंगपर्यंत ढकलतो. तिथे ऑइलचा पातळ थर टिकतो म्हणून धातूवर धातू घासत नाही. तापलेल्या इंजिनात महामार्गाच्या वेगाला हा दाब साधारण ३ ते ५ बार (बार हे दाबाचं माप) असतो. दिव्याचा स्विच मात्र बहुतेक गाड्यांत अर्ध्या बारच्या आसपास चालू होतो. त्यामुळे दिवा पेटतो तेव्हा बेअरिंगला ऑइल जवळपास मिळतच नसतं. ३,००० आरपीएमला क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेरे मारतो; ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ एवढ्या वेळात बेअरिंग खरवडून इंजिन जॅम होऊ शकतं, आणि मग खर्च ऑइलचा नाही, इंजिन उतरवण्याचा.

तेव्हा लाल किटली दिसली की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, गाडी पूर्ण थांबली की लगेच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी फिरवू नका. स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. हॅझार्ड लावा, माणसांना कठड्यापलीकडे उभं करा, त्रिकोण बराच मागे ठेवा.

आधी गाडीखाली वाका. नुकतीच सर्व्हिस झाली असेल तर सैल ड्रेन बोल्ट किंवा फिल्टरची नीट न बसलेली रबर रिंग यांवर पहिला संशय घ्यावा. खराब रस्त्यावर किंवा उंच स्पीडब्रेकरवर चेंबर आपटलं असेल तर तडा शोधा. मग दहा मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि वाचा. गाडी सपाट जागी नसेल तर रीडिंग चुकतं. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत सुमारे १ लिटरचं अंतर असतं. म्हणून पातळी कमी असेल तर आधी अर्धा लिटर ओता, पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. ऑइलची ग्रेड, म्हणजे ते किती घट्ट-पातळ आहे ते सांगणारा आकडा, गाडीच्या पुस्तकातलीच घ्या: नव्या पेट्रोल गाड्यांत बरेचदा ०डब्ल्यू-२०, डिझेलला बरेचदा ५डब्ल्यू-३०. गळती नसेल आणि पातळी खुणांमध्ये आली असेल तर इंजिन सुरू करा. काही सेकंदांत दिवा विझायलाच हवा.

नाही विझला तर ताबडतोब बंद. पातळी आधीपासूनच ठीक होती, तर मुळात सुरूच करू नका. दोष स्विचचा आहे की पंपाचा, हे रस्त्यावर ठरत नाही. मेकॅनिक स्विचच्या जागी गेज लावून खरा दाब मोजतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या हेल्पलाइनला फोन करा, किंवा विम्यासोबतची रोडसाइड मदत असेल तर तिथे, आणि गाडी उचलूनच न्या.

दिवा सतत पेटत नसेल, तरी त्याची लय बरंच सांगते. आंबा घाटासारख्या वळणांवर लुकलुकला तर पातळी खाली आहे: ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. गरम इंजिन आयडलिंगला असताना लुकलुकून रेस दिल्यावर विझला तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलीत. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या नळीतल्या फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ती प्रक्रिया अर्धवट राहिली की ते ऑइलमध्ये उतरतं. अशा वेळी डिपस्टिकवरची पातळी उलट वाढलेली दिसते. तिला भरपूर ऑइल समजू नका.

काही गाड्यांत पिवळी किटलीही असते. तिचा अर्थ बहुधा पातळी कमी किंवा सेन्सर बिघडला. लवकरात लवकर थांबून डिपस्टिक पाहावी.

पुन्हा पान्याकडे. मुक्कामी असताना तो आला तर दर सकाळी इंजिन थंड असताना पातळी बघा. ती खुणांमध्ये असेल आणि लाल दिवा नसेल, तर पाचशे-हजार किलोमीटर उशिराने सहसा इंजिनचं बिघडत नाही. वॉरंटी आणि मोफत सर्व्हिसच्या मर्यादा मात्र कडक असतात, पुस्तिका वाचा. मर्यादा ओलांडणार असाल तर वाटेतल्या शहरात त्याच कंपनीच्या अधिकृत केंद्रात सर्व्हिस करून घ्या. ऑइलची ग्रेड आणि किलोमीटर बिलावर लिहून घ्या. ऑइल न बदलता पाना रिसेट करू नका, पुढचा सगळा हिशेब खोटा ठरतो. आणि सर्व्हिस दरवेळी हजारो किलोमीटर पुढे ढकललीत तर ऑइलचा चिकट गाळ पंपाच्या जाळीत बसतो. तिथे पान्याचा प्रश्न लाल किटलीचा होतो.

निघण्याआधीच सर्व्हिस करायची असेल तर आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करा. मधल्या काळात शंभर-दोनशे किलोमीटर फिरवा, एक रात्र इंजिनखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी त्यावर ऑइलचा डाग आहे का ते पाहा.